सहल जानेवारीतच का?

आमच्या नाकाडोंगरीकडे शाळांच्या सहली निघतात त्या बहुधा डिसेंबर-जानेवारीत. आंबागडचा किल्ला पाहावा, गायमुखला जावे, चांदपूरच्या तलावाकाठी डबे सोडावेत आणि दिवस मावळताना घरी परतावे, असा ठरलेला क्रम असतो. हवा छान असते आणि पालकांना काळजी नसते. पण त्या दिवसांत डोंगर निजलेला असतो. सागाची पाने गळू लागलेली असतात आणि नाल्यात वाळूशिवाय फारसे काही नसते. पाणलोट क्षेत्र, झीज, गाळ, झरा हे भूगोलातले शब्द ज्या घडामोडींसाठी छापलेले असतात, त्या सर्व जून ते सप्टेंबरमध्ये घडून गेलेल्या असतात. नाटक संपल्यावर मुलांना रिकामा रंगमंच दाखवावयास न्यावे, तसा हा प्रकार आहे.

विद्यार्थी मित्रांनो, माझे म्हणणे असे आहे की शाळेची निदान एक सहल भर पावसाळ्यात आणि आपल्याच गावाजवळच्या डोंगरावर निघाली पाहिजे. हे ऐकताच मुख्याध्यापक दचकतात. त्यांचे दचकणे मी चुकीचे म्हणणार नाही, कारण त्याला सबळ असे एक कारण मी स्वतःच पुरविले आहे.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑगस्ट महिना होता. तीन दिवसांची झडी नुकतीच उघडली होती आणि अकरा विद्यार्थ्यांना घेऊन मी जवळच्या डोंगरावर गेलो होतो. पायथ्याशी एक नाला लागतो. सकाळी आठला तो ओलांडला तेव्हा पाणी घोट्याएवढे होते. पोरांनी चपला हातात घेतल्या आणि हसतखेळत पलीकडे गेली. वर गेल्यावर ढग पुन्हा दाटले, तासभर जोराचा पाऊस पडला आणि थांबला. खाली उतरलो तो ऊन पडले होते. नाला मात्र ओळखू येत नव्हता. पाणी चहाच्या रंगाचे झाले होते आणि त्यात वाळक्या काटक्या वेगाने वाहत होत्या. काठावरचे पाणी गुडघ्याएवढेच दिसत होते. एक विद्यार्थी म्हणाला, "सर, एकमेकांचे हात धरून जाऊ." मी मान डोलावली. पुढचा मुलगा चार पावले गेला आणि आडवा झाला. मागच्याने हात सोडला नाही म्हणून तो काठावर ओढता आला. गुडघा फुटला, एक चप्पल गेली, एवढ्यावर निभावले. तेवढ्यात पलीकडून एक गुराखी ओरडला, "ओ मास्तर, थांबा तिथंच! दोन घंट्यानं पाणी उतरते."

पाणी अडीच तासांनी उतरले. तेवढा वेळ आम्ही काठावरच्या दगडांवर बसून होतो आणि मी मनातल्या मनात हिशेब करीत होतो. आदल्या आठवड्यात फळ्यावर जे शिकवले होते, तेच समोर वाहत होते, आणि ते मला दिसले नव्हते!

तो हिशेब तुम्हीही करून पाहा. गुडघाभर पाण्यात दोन्ही पायांचा प्रवाहासमोर येणारा भाग साधारण ०.१ चौरस मीटर धरू. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर असेल तर पायांवर सुमारे ५० न्यूटन, म्हणजे ५ किलोग्रॅम वजनाएवढा रेटा येतो. एवढा कोणीही सोसेल. वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट होत नाही, चौपट होतो. कारण दर सेकंदाला पायावर आदळणारे पाणी दुप्पट होते आणि त्यातल्या प्रत्येक थेंबाचा संवेगही दुप्पट असतो. म्हणजे २ मीटर वेगाला २० किलो आणि ३ मीटरला ४५ किलो. आता दुसरी बाजू पाहा. दहावीतल्या मुलाचे वजन ४५ किलो धरले, तर पाण्यात बुडालेल्या भागाच्या उत्प्लावनामुळे तळावर पडणारा भार ४० किलोच्या आसपास उरतो. शेवाळलेल्या दगडावर घर्षणांक ०.४ धरला (आणि हा अंदाज उदारच आहे) तर पाय रोवून धरणारे घर्षण फक्त १६ किलो. वीस विरुद्ध सोळा. यात धाडसाला किंवा व्यायामाने कमावलेल्या शरीराला वाव कोठे आहे?

आणि ऊन पडले असताना पाणी आले कोठून? डोंगराचा केवळ १ चौरस किलोमीटर भाग त्या नाल्याला पाणी देतो असे समजा. तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर त्या भागावर ५०,००० घनमीटर, म्हणजे ५०,००० टन पाणी पडले. अर्धे मुरले असे मानले तरी उरलेले २५,००० टन नाल्यातच येणार. ते तासाभरात वाहून जायचे तर दर सेकंदाला ७ टन! शिवाय वरच्या उतारावरचे पाणी खाली यायला वेळ लागतो, म्हणून पाऊस थांबल्यावरही नाला चढत राहतो. गुराख्याला घनमीटर ठाऊक नव्हते. पण नाला चढायला किती आणि उतरायला किती वेळ लागतो, हे त्याने वर्षानुवर्षे पाहिले होते. त्या दिवशीचा खरा प्राध्यापक तोच.

पुढच्या वर्षी आमच्याकडच्या एका संस्थेने पावसाळी सहली बंद केल्या. माझ्या मते येथेच चुकले. माझी चूक डोंगरावर जाण्यात नव्हती. परतीच्या वाटेवर नाला आहे हे ठाऊक असताना तो ओलांडून जाण्यात होती, आणि नंतर थांबायची लाज वाटली यात होती.

बंदीने काय होते ते सह्याद्रीकडे पाहावे. हल्ली तिकडच्या धबधब्यांची चित्रे आमच्या पोरांच्या मोबाइलवर रोज येतात. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मध्यावर उभे असताना पाणी वाढत गेले आणि काठ गाठता आला नाही. आमच्या नाल्याचीच ही गोष्ट, पण शेवट वेगळा. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने अनेक पर्यटनस्थळी मनाई आदेश काढले. आदेश काढावेच लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण आदेशाने पाण्याचा वेग ओळखता येत नाही. घरी न सांगता मोटरसायकलवर निघालेल्या चार पोरांना तो कोणी शिकवलेला नसतो; कारण ज्या वयात शिकवायचे, त्या वयात आम्ही त्यांना जानेवारीत किल्ला दाखवला.

आणखी एक. सह्याद्रीचा पाऊस आणि आपला पाऊस एक नव्हे. अरबी समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आपटून वर चढतात, थंड होतात आणि तेथेच मोकळे होतात. म्हणून महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. भंडारा जिल्ह्यात सुमारे तेराशे. आपल्याकडे मोठा पाऊस येतो तो बहुधा बंगालच्या उपसागरातले कमी दाबाचे पट्टे पश्चिमेकडे सरकताना. पट्टा डोक्यावर आला की दोन-तीन दिवस झडी, पुढे गेला की उघडीप. झडीतला धोका नाल्याचा. उघडिपीतला धोका मात्र पुष्कळांच्या ध्यानात येत नाही, कारण आकाश निळे असते आणि डोंगर हिरवागार. जमीन ओली, ऊन कडक, घामाच्या धारा. अशी तापलेली दमट हवा दुपारी वेगाने वर चढते आणि दोन-तीन वाजेपर्यंत फुलकोबीच्या गड्ड्यासारखे ढग उभे राहतात. त्यांतून वीज पडते.

वीज हा आपल्या देशात लहानसहान धोका नव्हे. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली भारतात २,८८७ माणसे विजेने दगावली. नैसर्गिक आपत्तींत गेलेल्या सर्व माणसांत हा वाटा एकतृतीयांशाहून अधिक आहे. यांत डोंगर चढणारे थोडेच. बांधीत रोवणी करणाऱ्या बाया, गुरे राखणारी पोरे, झाडाखाली उभे राहिलेले मजूर, असे लोक त्यात पुष्कळ असतात. म्हणजे तुमच्या-माझ्या घरचीच माणसे. म्हणून ज्याला ट्रेकिंगचा शौक नाही त्यानेही हे शिकावे असे मला वाटते.

वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि ३ ने भागा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, तेव्हा उत्तर किलोमीटरमध्ये येते. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. एवढे दूर आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. पुढची वीज दहा किलोमीटर अलीकडे पडू शकते. गडगडाट ऐकू आला की आपण टप्प्यात आलोच असे समजावे आणि कडा, माथा, एकटे झाड सोडून पक्क्या इमारतीकडे किंवा बंद मोटारीकडे निघावे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. झाडाखाली का नाही? ओल्या खोडापेक्षा माणसाच्या अंगातून वीज सहज वाहते, त्यामुळे झाडावर पडलेली वीज बाजूच्या माणसावर उडी घेते. जमिनीत उतरल्यावरही ती पसरते, आणि दोन पायांत जितके अंतर तितका विद्युतदाबाचा फरक जास्त. चार पायांच्या गाईम्हशी एकाच विजेने कळपाने मरतात त्या यामुळे. कोठेच आसरा नसेल तर एकमेकांपासून दूर होऊन, पाय जुळवून उकिडवे बसावे, आडवे पडू नये. हा उपाय नाइलाजाचा आहे. त्याने धोका थोडा कमी होतो, टळत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 'दामिनी' नावाचे ॲप तयार केले आहे, त्यावर जवळपासच्या विजांची सूचना मिळते. डोंगरात मोबाइलला रेंज नसते तेव्हा कान आणि घड्याळ पुरते.

पायाळू माणसावर वीज पडते, अशी समजूत आमच्याकडे अजून ऐकू येते. जन्मताना पाय आधी आले की डोके, याची ढगाला काय खबर? 'मोबाइल वीज ओढतो' ही तिचीच नवी बहीण. वीज उंचवटा शोधते. माळावर उभा असलेला माणूस हाच उंचवटा, मग त्याच्या खिशात काही असो वा नसो.

ओल्या कपड्यांच्या थंडीबद्दल थोडक्यात. आपल्या टेकड्यांवर ती फारशी छळत नाही, पण १,६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईवर वाऱ्यात भिजून तासभर उभे राहिलात तर कळेल. एक ग्रॅम पाणी अंगावर सुकताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता घेऊन जाते. कोरडा सदरा पिशवीत, आणि पिशवी प्लॅस्टिकमध्ये.

"जबाबदारी कोणाची?" हा शिक्षकांचा प्रश्न राहतोच. तो टाळून चालणार नाही. मी तेव्हापासून काही गोष्टी पाळतो. सकाळी सातला निघायचे आणि कोठेही असलो तरी अकराला पाठ फिरवायची. माथा दोनशे पावलांवर असला तरीही. नाला ओलांडावा लागेल ती वाट घ्यायचीच नाही. दहा मुलांमागे एक मोठा माणूस, आणि त्यांत एक तरी गुरे राखणारा किंवा मोहा-तेंदू वेचायला जंगलात जाणारा. जंगल वन विभागाचे, तेव्हा परवानगी आधी. झडीच्या दिवशी किंवा हवामान खात्याचा इशारा असेल तर सहल रद्द, आणि रद्द झाल्याबद्दल कोणी कुरकुरले तर कुरकुरू द्यायचे. पालकांना चिठ्ठी पाठवताना तिच्यात परतीची वेळ लिहायची. मुले पाठ फिरवण्यावर सर्वात जास्त हिरमुसतात, हे खरे. मला विचाराल तर सहलीतला सर्वात मोलाचा धडा तोच आहे, पण तो फळ्यावर शिकवता येत नाही.

वर गेल्यावर पाहायचे काय, याची चिंता नको. भिजलेल्या दगडात अभ्रक चमकते ते जानेवारीच्या धुळीत दिसत नाही. आपले हे खडक सह्याद्रीच्या साडेसहा कोटी वर्षांच्या बेसॉल्टहून कितीतरी जुने आहेत, आणि त्यांच्याच पोटात मँगनीज आहे. जवळच्या डोंगरी बुजुर्ग खाणीतले मँगनीज डायऑक्साइड सेल बनवण्यासाठी जाते. तुमच्या टॉर्चमधल्या सेलात आपलाच डोंगर असू शकेल. खाली पाहिले तर बांध्यांचे हिरवे चौकोन, बोड्या, आणि कोणते पाणी कोणत्या नाल्याने बावनथडीकडे निघाले आहे तो सारा नकाशा उलगडलेला असतो.

डोंगरावर जाणे जमत नसेल त्यांनी रपट्यापासून सुरुवात करावी. गेल्या पावसाळ्यात नववीतल्या एका मुलीने घराजवळच्या पुलाच्या खांबावर दर दहा सेंटिमीटरला रंगाचा पट्टा मारला, काठावरून रोज तीनदा पाणी वाचले आणि पसरट तोंडाच्या सरळ बाटलीत पडलेला पाऊस पट्टीने मोजला. तिची वही माझ्याकडे आहे. जुलैतल्या एका पानावर लिहिले आहे: 'सकाळी ११.१० ला तिसरा पट्टा, ११.४० ला पाचवा. आमच्याकडे पाऊस नाही. डोंगराकडे काळे दिसते.' ती वही मी तिच्या मुख्याध्यापकांना दाखवली. त्यांनी ती दोनदा चाळली आणि ऑगस्टमध्ये कोणता शनिवार सोयीचा पडेल, असे विचारले.