न जेवणारं पोर

मैत्रिणींनो, “पोर जेवतच नाही हो” ही तक्रार आपल्याला नवी नाही. पण दिवाळीच्या सुट्टीत मी अमेरिकेत, ओहायो राज्यात, धाकट्या बहिणीकडे गेले, तर तिच्या घरचं न जेवणारं पोर निघालं सापाचं!

अकरा वर्षांच्या भाच्याने हट्टाने आणलेलं हे कॉर्न स्नेकचं पिल्लू. जात बिनविषारी, रंग केशरी, लांबी दीड वीत, जाडी पेन्सिलीहून कमी. नाव ‘भोपळा’! (आपल्याकडे मात्र या नादाला लागू नका. आपले साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.) भोपळ्याचं खाणं म्हणजे डोळेही न उघडलेलं उंदराचं पिल्लू, मेलेलं आणि गोठवलेलं. आमचं माहेर शुद्ध शाकाहारी. बहिणीने त्यासाठी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीज ठेवलेला. “ताई, आईला बोलू नकोस हं,” हे तिचं मला पहिलं वाक्य.

तीन आठवडे भोपळ्याने तोंड उघडलं नव्हतं. रोज संध्याकाळी बहीण चिमट्यात ते पिल्लू धरून त्याच्या तोंडापुढे नाचवायची, भाचा दहादा बाहेर काढून पोट चाचपायचा. शेवटी कुणीतरी सांगितलं, जबडा उघडून घास आत ढकला. बहीण तयारीला लागली. खरं सांगते, मीही म्हटलं, “कर बाई, उपाशी मरण्यापेक्षा बरं.” माझ्या लेकाला मी मांडीत दाबूनच वरणभात भरवलाय.

भाचा पेटीपुढे आडवा उभा राहिला. “आई, तू मला धरून भरवायचीस आणि मी ओकायचो. त्याला नको ना तसं करू.”

बहिणीने चिमटा खाली ठेवला आणि काही न बोलता स्वयंपाकघरात गेली. तिच्यामागे जायचा मला धीर झाला नाही.

दुसऱ्या दिवशी सापांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे गेलो. त्यांनी वजन केलं आणि पहिला प्रश्न विचारला, “पेटीत तापमान किती?” ते कुणी मोजलंच नव्हतं! आम्हाला खोली उबदार वाटत होती, पण पेटी खिडकीला लागून आणि बाहेर नोव्हेंबरची थंडी. घरी येऊन मोजलं तर २२ अंश. सापाच्या अंगाला स्वतःची ऊब नसते. बाहेरून ऊब मिळाली नाही तर खाल्लेलं पचत नाही, म्हणून तो खातच नाही. पेटीची एक बाजू २९ अंशांच्या आसपास हवी आणि दुसरी थंड, म्हणजे त्याला हवं तिथे बसता येतं. शिवाय एवढ्याशा जिवाला मोठी काचेची पेटी, लपायला आडोसा नाही आणि वर सारखी हाताळणी. बिचारा घाबरलेला. बळजबरीने भरवलं तर नाजूक जबडा दुखावतो, खाल्लेलं उलटून पडतं. तो अगदी शेवटचा उपाय, आणि तोही डॉक्टरांच्या हातून.

मग पेटी हलवली, तळाशी उबेची चटई आणि तिचा ताप आवरणारं यंत्र लावलं, दोन्ही बाजूंना लपायला खोपटी ठेवली. पाच दिवस हात लावायचा नाही, असा भाच्याला दम दिला. सहाव्या दिवशी उंदराचं पिल्लू गॅरेजच्या फ्रीजमध्येच वितळवलं, पिशवीत घालून कोमट पाण्यात धरलं (मायक्रोवेव्हमध्ये कधीही नाही, फुटतं!) आणि भोपळ्याबरोबर भोकं पाडलेल्या लहान डब्यात रात्रभर अंधारात ठेवलं. सकाळी ते जसंच्या तसं. फेकून दिलं. बहिणीचा चेहरा बघवेना.

पुन्हा पाच दिवस थांबलो. रानात या सापांची पिल्लं बरेचदा सरड्यांवर जगतात, तेव्हा तो वास त्यांना ओळखीचा, असं डॉक्टर म्हणाले होते. भाच्याने सरडा पाळणाऱ्या मित्राकडून टाकलेली कात आणली आणि ती उंदराला चोळली. रात्री बहीण दोनदा उठली. दोन्ही वेळा मी तिला डब्याजवळून परत आणलं. सकाळी डबा रिकामा, आणि भोपळ्याच्या पोटाशी छानसा फुगवटा!

पुढे दोन दिवस त्याला कुणी हात लावला नाही. चिमटा, वाडगं, सगळं वेगळं ठेवलंय; सापामुळे आणि त्याच्या खाण्यामुळे पोट बिघडवणारे जंतू येतात, म्हणून दर वेळी साबणाने हात धुवायचे. परवा बहिणीचा फोन आला. आता आठवड्याला एक उंदीर, वास न लावताही खातो म्हणे.