बहरामागचे हात

जानेवारी महिन्याच्या उत्तरार्धात बंगळुरूच्या लालबागेत माणसांचा पूर लोटतो. प्रजासत्ताक दिनाच्या निमित्ताने तेथे पुष्पप्रदर्शन भरते आणि काचघराच्या विशाल छताखाली फुलांची एक नवी सृष्टी उभी राहते. गुलाब, शेवंती आणि आर्किड यांच्या राशींतून एखाद्या प्रसिद्ध वास्तूची किंवा थोर पुरुषाची प्रतिकृती साकारलेली असते. प्रेक्षक ती पाहून थक्क होतात आणि तृप्त मनाने घरी परततात. हे सारे कोणी केले, केव्हापासून केले आणि त्यासाठी कोणते ज्ञान लागले, हे प्रश्न मात्र फारच थोड्यांना पडतात. सार्वजनिक बागेचे सौंदर्य हे निसर्गाचे दान आहे, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धवट आहे. बाग हे निसर्ग आणि मानवी श्रम यांचे संयुक्त अपत्य आहे. आणि त्यातील दुसऱ्या पालकाची ओळख समाजाने अद्याप नीट करून घेतलेली नाही.

लालबागेचा इतिहास याला साक्ष आहे. १७६० च्या सुमारास हैदर अलीने या बागेची मुहूर्तमेढ रोवली. टिपू सुलतानाने दूरदूरच्या प्रदेशांतून बी-बियाणे व रोपे मागवून ती वाढवली. १८५६ मध्ये तिला सरकारी वनस्पती उद्यानाचे स्वरूप आले. १८७४ मध्ये जॉन कॅमेरून या उद्यानाचा प्रमुख झाला. त्याच्या कारकिर्दीत, १८८९ मध्ये, राजपुत्र आल्बर्ट व्हिक्टर याच्या हस्ते काचघराची कोनशिला बसवण्यात आली. १९०८ मध्ये गुस्टाव्ह हेर्मान क्रुंबिगल या जर्मन उद्यानतज्ज्ञाकडे बागेची सूत्रे आली. मराठी वाचकाला जवळचा वाटावा असा धागा येथे आहे. म्हैसूर संस्थानात येण्यापूर्वी क्रुंबिगल बडोद्यास सयाजीराव गायकवाडांच्या पदरी होता आणि तेथील उद्यानांची जबाबदारी त्याने सांभाळली होती. स्वातंत्र्योत्तर काळात एम. एच. मरिगौडा यांनी लालबागेबरोबरच सबंध राज्यातील फळबागांच्या विकासाला दिशा दिली. आज क्रुंबिगल आणि मरिगौडा या दोघांचीही नावे लालबागेच्या परिसरातील रस्त्यांना दिलेली आहेत.

हे योग्यच झाले. परंतु सुमारे २४० एकरांची बाग दोन-चार अधिकाऱ्यांच्या हातांनी फुलत नाही. कोनशिलेवर राजपुत्राचे नाव येते, रस्त्याला संचालकाचे नाव मिळते, झाडाच्या बुंध्यावरील पाटीवर त्या झाडाचे शास्त्रीय नाव लिहिलेले असते. ते झाड ज्याने खड्डा खणून लावले, उन्हाळ्यात पाणी घालून जगवले आणि वाळवीपासून वाचवले, त्या माळ्याचे नाव सहसा कोठेच दिसत नाही.

त्याच्या कामाचे स्वरूप जाणून घेतले, म्हणजे ही उपेक्षा अधिकच बोचते. २६ जानेवारीला फूल उमललेले हवे असेल, तर तयारी पावसाळा ओसरता ओसरताच सुरू करावी लागते. पोयटा माती, शेणखत आणि कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत यांचे योग्य मिश्रण करून गादीवाफे तयार करायचे आणि त्यांत पिटुनिया, साल्व्हिया, ॲस्टर, झेंडू यांचे बी पेरायचे. पिटुनियाचे बी इतके बारीक असते, की ते मातीखाली खोल गेले तर उगवतच नाही. म्हणून ते रेतीत मिसळून वरच्यावर पसरावे लागते. बंगळुरूत सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येही जोराचा पाऊस पडतो. वाफ्यात ओल जास्त झाली, तर कोवळी रोपे बुडाशी कुजून माना टाकतात. पाणी कमी पडले, तर ती सुकतात. या दोहोंच्या मधली नेमकी ओल कोणती, हे कोणतेही यंत्र न वापरता केवळ बोटांच्या स्पर्शाने ओळखणारा माणूस रोपवाटिकेत असावा लागतो.

रोपांना चार-सहा पाने फुटली, की त्यांची एकेक करून कुंडीत लावणी होते. पुढे योग्य वेळी शेंडा खुडावा लागतो. शेंडा खुडला, की बाजूच्या फांद्या फुटतात, झाड डेरेदार होते आणि एका फुलाऐवजी अनेक फुले येतात. मात्र बहर काही दिवस लांबतो. म्हणजे शेंडा केव्हा खुडायचा, याचा हिशेब प्रदर्शनाच्या दिवसापासून उलटा मांडावा लागतो. आठवडाभर आधी खुडला, तर उद्घाटनापूर्वीच फुले उमलून उतरणीला लागतील. उशीर झाला, तर प्रेक्षक येतील तेव्हा झाडावर नुसत्या कळ्या असतील. डेलियाचे मोठे फूल हवे असेल, तर बाजूच्या कळ्या काढून टाकून झाडाची सारी शक्ती एका कळीकडे वळवावी लागते. शेवंतीची रीत आणखी वेगळी. रात्री मोठ्या होऊ लागल्याशिवाय ती कळी धरत नाही. त्यामुळे हिवाळ्यात सहज फुलणारी शेवंती स्वातंत्र्यदिनाच्या प्रदर्शनासाठी ऑगस्टमध्ये आपोआप मिळत नाही. ऑगस्टमधील प्रदर्शनाची रोपे ऐन पावसात वाढतात, त्यामुळे बुरशीचा धोका अधिक; जानेवारीतल्या रोपांना मावा आणि भुरी यांचा उपद्रव. दोन्ही हंगामांची गणिते वेगळी आणि ती चुकली तर सुधारायला पुन्हा अवधी नाही.

या साऱ्या कामाला ज्ञान म्हणायचे की केवळ मजुरी? ज्याला ऋतू, माती, पाणी, प्रकाश आणि काळ यांचा मेळ एका ठरलेल्या दिवसासाठी जुळवता येतो, त्याला अकुशल म्हणणे हा भाषेचा दुरुपयोग आहे. कन्नड भाषेत उद्यानविद्येला 'तोटगारिके' असा शब्द आहे. 'तोट' म्हणजे बाग आणि 'तोटगार' म्हणजे माळी. त्या विद्येच्या नावातच माळी उभा आहे. व्यवहारात मात्र विद्या पदवीधराची आणि घाम माळ्याचा, अशी वाटणी झालेली आढळते. पदवीचे महत्त्व नाकारण्याचे कारण नाही. रोग कशामुळे पडला आणि मातीत कशाची उणीव आहे, हे शास्त्रच सांगते. पण शास्त्राला जमिनीवर उतरवणारे हात नसतील, तर ते ग्रंथातच राहील.

बागेचे खरे मोठेपण प्रदर्शनापलीकडेही असते, हेही लक्षात घेतले पाहिजे. बंगळुरूच्या रस्त्यांवर वर्षभर कोठे ना कोठे झाडे फुललेली दिसतात. हिवाळ्याच्या अखेरीस गुलाबी आणि पिवळा टॅबेबुया, त्यामागून जांभळा जॅकरांडा, नंतर लालभडक गुलमोहर, अशी बहरांची पाळी एकामागून एक येते. एका झाडाचा बहर संपतो, तेव्हा दुसऱ्याचा सुरू व्हावा, अशा बेताने वृक्षलागवड करण्याच्या कल्पनेचे श्रेय क्रुंबिगलला दिले जाते. आज लावलेल्या रोपाची फुले कदाचित लावणारा पाहणारही नाही. ज्याला दहा दिवसांच्या टाळ्यांचीच अपेक्षा आहे, त्याच्या हातून असे काम होणार नाही.

यावरून काहीजण असे म्हणतील, की प्रदर्शनांवर होणारा खर्च व्यर्थ आहे. लाखो फुले तोडायची, चार दिवस मांडायची आणि कचऱ्यात टाकायची, यात शहाणपण कोणते? या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. प्रतिकृतींसाठी फुले ज्या हिरव्या कृत्रिम स्पंजात खोचतात, तो मातीत कुजत नाही. गर्दीच्या लोंढ्यात हिरवळ तुडवली जाते. प्रतिकृतीपुढे छायाचित्र काढण्याची घाई असते. शेजारच्या कुंडीतील झाडाचे नाव वाचण्याइतकी सवड नसते. तरीही प्रदर्शने बंद करावीत, हा त्यावरचा उपाय नव्हे. शहरातल्या लहान घरात राहणाऱ्या, वर्षातून एखाद्याच दिवशी मुलाबाळांसह बाहेर पडणाऱ्या कुटुंबाला थोड्या पैशांत मिळणारा हा निर्मळ आनंद आहे. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्येही प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास असेच प्रदर्शन भरते आणि ते पाहून अनेकांच्या गच्चीवर पहिली कुंडी येते. प्रदर्शन हवे, फक्त त्याने फुलाबरोबर फुलवण्याची रीतही दाखवावी. रोपवाटिकेचा एक भाग प्रेक्षकांसाठी खुला ठेवावा. बी कसे पेरतात, डोळा कसा भरतात, गुटी कशी बांधतात, हे माळ्यांनी स्वतः सांगावे आणि त्यांच्या नावांचा फलक काचघराच्या प्रवेशद्वारी लावावा. एवढ्याने खर्च वाढणार नाही. पाहणाऱ्याची दृष्टी मात्र वाढेल.

सन्मानाबरोबर स्थैर्यही हवे. बागकाम हे वर्षानुवर्षांच्या निरीक्षणातून येते. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचते, कोणत्या झाडाला दरवर्षी कीड लागते, हे एकाच जागी दीर्घकाळ काम करणाऱ्यालाच कळते. थोड्या मुदतीच्या कंत्राटावर आणलेला मजूर सकाळी खुरपे उचलतो आणि मुदत संपताच दुसरीकडे जातो. त्याच्याबरोबर त्याने मिळवलेली जाणही निघून जाते. सार्वजनिक बागांचे काम अशा रीतीने सोपवताना पैसा वाचतो असे वाटते, पण अनुभव गमावला जातो आणि त्याची नोंद कोणत्याही जमाखर्चात होत नाही. काम करता करता शिकलेल्या माळ्याच्या कौशल्याला रीतसर प्रमाणपत्र मिळाले, त्यानुसार वेतन मिळाले आणि पुढे शिकण्याची वाट मोकळी राहिली, तर बाग आणि माळी या दोघांचेही कल्याण होईल.

कोरोनाच्या साथीमुळे लालबागेतील पुष्पप्रदर्शने थांबली होती. ती ऑगस्ट २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात काचघरात प्रतिकृती नव्हत्या, टाळ्या नव्हत्या, तिकीटखिडकीपुढे रांगा नव्हत्या. पण झाडांना टाळेबंदी ठाऊक नसते. त्यांना तहान लागतच होती, तण वाढतच होते, वाळलेल्या फांद्या उतरवाव्या लागतच होत्या. पाहणारा कोणी नसतानाही बाग जगली, ती पडद्यामागच्या हातांमुळेच. प्रदर्शनाचे दिवस बागेचा उत्सव असतील. परंतु तिचा संसार उरलेल्या साडेतीनशे दिवसांत चालतो.

फुलाचे कौतुक करणे सोपे आहे, कारण ते डोळ्यांसमोर असते. मुळे मातीखाली असतात, म्हणून त्यांचा विसर पडतो. ज्या समाजाला केवळ फूल दिसते, त्याची बाग फार काळ टिकत नाही. ज्याला मुळाशी वाकलेला माणूसही दिसतो, त्या समाजातच बहर पिढ्यान्‌पिढ्या येत राहतो.