जोखमी हुंडी आणि नवोद्योगांचे भांडवल

नवा उद्योग काढू पाहणारा तरुण भांडवलासाठी आमच्या पेढ्यांवर आला, की त्यास पहिला प्रश्न विचारला जातो तो तारणाचा. घर आहे काय, जमीन आहे काय, सोने किती? त्याच्यापाशी बहुधा यांपैकी काहीच नसते; असते ती एक योजना आणि दोनचार सोबती. तो पुण्यास किंवा बंगळूरास निघून जातो. तेथे त्याचा उद्योग वाढला, म्हणजे 'हा आपल्या लष्करचाच मुलगा' असे आपण अभिमानाने सांगतो. हा अभिमान फुकटचा आहे, असे आम्हास स्पष्ट म्हणावेसे वाटते.

तारणावाचून पैसा देणे हे व्यापाऱ्याचे काम नव्हे, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्याच जुन्या व्यवहारात 'जोखमी हुंडी' नावाचा एक प्रकार होता, याची आठवण द्यावीशी वाटते. शाहजोग, दर्शनी, मुदती या हुंड्या सर्वांस ठाऊक आहेत. जोखमी हुंडीची तऱ्हा निराळी होती. माल सुखरूप पोहोचला तरच तिचा पैसा मिळावयाचा. वाटेत गलबत बुडाले, तर हुंडी घेणाऱ्याचा पैसाही मालाबरोबर बुडाला. घेणारा ही जोखीम जाणूनच तिचा भाव ठरवीत असे. आज इंग्रजी नावाने ज्या साहसी भांडवलाचा एवढा बोलबाला आहे, त्याचे तत्त्व याहून फार वेगळे नाही. कर्ज देणारा बुडालेल्या उद्योगाकडेही पैसा मागतो. भागीदार होणारा नफ्याबरोबर नुकसानही वाटून घेतो.

ग्वाल्हेरलाही हे धाडस परके नाही. जमशेटजी टाटा १९०४ साली निवर्तले. त्यानंतर पोलादाच्या कारखान्यासाठी लंडनच्या बाजारात भांडवल उभे करण्याचा प्रयत्न झाला आणि तो फसला. तेव्हा १९०७ साली स्वदेशीच्या लाटेत हिंदी लोकांपुढेच भाग विक्रीस ठेवण्यात आले. सुमारे आठ हजार लोकांनी तीन आठवड्यांत सोळा लाख पौंडांहून अधिक भांडवल भरले. पुढे खेळते भांडवल कमी पडू लागले, तेव्हा चार लाख पौंडांचे, म्हणजे त्या वेळच्या साठ लाख रुपयांचे कर्जरोखे काढण्यात आले आणि ते सर्वच्या सर्व एकट्या माधवराव शिंदे महाराजांनी घेतले. रोखे म्हणजे कर्जच, हे खरे. परंतु पोलादाचा पहिला लगड १९१२ साली बाहेर पडला. तोवर त्या कर्जाचे खरे तारण भविष्यकाळच होते. लंडनच्या सावकारांना जे दिसले नाही, ते ग्वाल्हेरला दिसले.

पैशाच्या अभावी धाडस अडते, अशी आपली समजूत असते. युरोपचे उदाहरण याच्या उलट आहे. मारिओ द्रागी यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सादर केलेल्या अहवालानुसार, २०२२ साली युरोपीय संघातील कुटुंबांची बचत १,३९० अब्ज युरो होती, तर अमेरिकेतील ८४० अब्ज. तरीही २००८ ते २०२१ या काळात युरोपात जन्मून अब्ज डॉलरांच्या मोलास पोहोचलेल्या कंपन्यांपैकी जवळजवळ तीस टक्क्यांनी आपले मुख्य कार्यालय परदेशी, बहुतांशी अमेरिकेत, हलविले. बचत पुष्कळ, पण ती जोखमीपर्यंत पोहोचत नाही! युरोपची ही व्यथा आणि आमच्या सराफ्याची व्यथा एकच आहे, हे वाचून आम्हास थोडी गंमतही वाटली.

आपल्या सरकारने २०१६ साली नवोद्योगांसाठी दहा हजार कोटी रुपयांचा निधी योजला व तो 'सिडबी'कडे सोपविला. हा पैसा थेट उद्योगांस मिळत नाही. 'सेबी'कडे नोंदलेल्या गुंतवणूक निधींस मिळतो आणि ते निधी इतरांचाही पैसा जमवून पुढे उद्योगांत घालतात. म्हणजे सरकारी पैशास खाजगी पैशाची जोड लागतेच. ती जोड मुंबई, बंगळूर, दिल्लीनेच द्यावी आणि आम्ही भूखंड व सोने धरून बसावे, हे आम्हास पटत नाही.

तथापि भाबडेपणाने उडी घ्यावी, असे आमचे म्हणणे नाही. असल्या उद्योगांपैकी पुष्कळ बुडतात. ठेवीदारांचा, विधवांचा, विश्वस्त निधीचा एक पैसाही यात पडता कामा नये. पेढीच्या निव्वळ नफ्याचा जो लहानसा अंश गेला तरी दुकान हलणार नाही, तेवढाच सभासदांनी एकत्र करावा, आणि तोही एकाच उद्योगात न घालता अनेकांत विभागावा. सगळा माल एका गलबतात न भरण्याची शिस्त आमच्या पूर्वजांना होतीच. पैशाहूनही मोलाचे आमच्यापाशी काही असेल, तर ते उधारी कोणास द्यावी, माल कोठे खपेल, वसुली कशी करावी, हे ज्ञान. ते या तरुणांस कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही.

तूर्त मंडळाने एवढेच करावे: दर महिन्यास एक सायंकाळ राखून ठेवावी आणि शहरातील होतकरू उद्योजकांस आपली योजना मांडण्यास बोलवावे. त्या बैठकीत तारणाचा प्रश्न कोणी प्रथम विचारू नये. गिऱ्हाईक कोण, हे विचारावे.