घड्याळाचा काटा आणि आग्या माशी

गेल्या टर्मपासून आमच्या डॉर्ममध्ये एक वाद चालू आहे. मॅप रीडिंगचे तास आता हवेत कशाला? जीपीएस प्रत्येकाच्या घरी आहे, आपल्या देशाची ‘नाविक’ यंत्रणाही आहे. मग प्रिझमॅटिक कंपास, सर्व्हिस प्रोट्रॅक्टर, बॅक बेअरिंग हे सगळे फक्त परीक्षेच्या गुणांसाठी, असे माझ्या बऱ्याच मित्रांचे म्हणणे आहे. उस्ताद यावर सांगतात की युद्धात संकेत जाम होतात. ते खरेच आहे, युक्रेनमध्ये ते घडते आहे. पण माझे मत वेगळ्या कारणाने बनले, आणि ते कारण चेन्नईत पाण्याच्या टाकीखाली लटकत होते.

बाबांची बदली चेन्नईला झाली आणि उन्हाळ्याची सुट्टी मी सेंट थॉमस माउंटजवळच्या क्वार्टरमध्ये काढली. समोरच्या टाकीला आग्यामोहोळ होते. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत अंधारात घर करते. आग्या माशीचे पोळे एकच, मोठे आणि उघड्यावर असते. त्यामुळे तिचा नाच बाहेरून दिसतो. आमच्या गच्चीवरून, चांगले अंतर ठेवून, दुर्बिणीने मी तो रोज पाहिला. (आईला हे आवडले नाही, ते वेगळे.)

फुले सापडलेली माशी पोळ्यावर पोट थरथरवत सरळ चालते, वळून परत येते, पुन्हा तेच. सरळ वर चालली तर ‘सूर्याच्या दिशेने जा’. उभ्या रेषेपासून उजवीकडे ४० अंश कलून चालली तर सूर्याच्या उजवीकडे ४० अंश. थरथर जितकी लांबते तितके अंतर जास्त. कार्ल फॉन फ्रिश यांनी ही भाषा उलगडली आणि १९७३ साली त्यांना नोबेल मिळाले. आपल्या भाषेत सांगायचे तर माशी बेअरिंग आणि अंतर दोन्ही देते, फक्त तिचे शून्य उत्तरेला नसून सूर्यावर असते. आणि सूर्य सरकतो, म्हणून तिला तो हिशेबही ठेवावा लागतो.

आता खरी गंमत. चेन्नई १३ अक्षांशावर आहे. २४ एप्रिलच्या सुमारास आणि पुन्हा १८ ऑगस्टच्या सुमारास दुपारी बारा वाजून गेल्यावर काही मिनिटांनी तिथे सूर्य बरोबर डोक्यावर येतो. शून्य सावली. त्या वेळी सूर्याला दिशाच उरत नाही. मार्टिन लिंडाउअर यांनी १९५० च्या दशकात सिलोनमध्ये पाहिले की अशा क्षणी माश्यांच्या नाचातली दिशा विस्कटते. एप्रिल संपला की सूर्य दुपारी उत्तरेकडून जातो आणि ऑगस्टनंतर पुन्हा दक्षिणेकडून. म्हणजे मे महिन्यात जन्मलेल्या माशीचा सूर्य एका बाजूने फिरतो, डिसेंबरमधल्या माशीचा दुसऱ्या बाजूने. कामकरी माशी काही आठवडेच जगते, त्यामुळे प्रत्येक पिढीला आपला सूर्य नव्याने शिकावा लागतो. बाहेरच्या कामाला लागण्यापूर्वी ती पोळ्याकडे तोंड करून घिरट्या घालते, मग थोडी लांब जाते, मग आणखी लांब. आधी घराचा परिसर, मग मोहीम.

आपण काय शिकतो? घड्याळाचा तास काटा सूर्याकडे धरा, काटा आणि बारा यांच्या मधली रेषा म्हणजे दक्षिण. ही युक्ती युरोपच्या आकाशासाठी ठीक आहे. मेअखेरीस चेन्नईत दुपारी ती दक्षिण म्हणून चक्क उत्तर दाखवते, आणि सकाळी नऊ वाजता ६० अंशांच्या आसपास चुकते. हे फक्त चेन्नईचे नाही. पुण्यात मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेला असतो. महाराष्ट्रात असे एकही गाव नाही जिथे वर्षातून काही दिवस असे होत नाही. तरी आम्ही ती युक्ती पाठ करतो, लिहितो आणि गुण मिळवतो. जो कॅडेट असे शिकला आहे त्याने जीपीएस वापरलेले बरे, असे मी म्हणेन!

त्यापेक्षा जमिनीत काठी रोवा, सावलीच्या टोकावर खडा ठेवा, वीस मिनिटांनी दुसरा खडा. पहिला खडा पश्चिमेकडचा. हे नागपूरला चालते आणि चेन्नईतही.

अंतराचेही तसेच. आपण पावले मोजतो. माशी डोळ्यांपुढून किती दृश्य सरकले ते मोजते. पुण्यात जन्मलेले आणि ऑस्ट्रेलियात संशोधन केलेले मंद्यम श्रीनिवासन यांनी सहकाऱ्यांसह हे दाखवले. त्यांनी माश्यांना नक्षी असलेल्या अरुंद, सहा-साडेसहा मीटरच्या बोगद्यातून उडवले. भिंती जवळ असल्याने दृश्य भराभर सरकले आणि माश्यांनी नाचून जवळपास दोनशे मीटर सांगितले. माशीसुद्धा फसते. पण ती कशाने फसते हे ठरलेले आहे. चढावर आपली पावले आखूड होतात, तेव्हा आपण किती फसतो हे किती जणांनी मोजले आहे?

नाइट मार्चबद्दल एकच सांगतो. आग्या माशी चांदण्या रात्रीही फुलांवर जाते. फ्रेड डायर यांनी १९८५ साली लिहिले की तेव्हाही तिचा नाच चंद्रावर बेतलेला नसतो, तर क्षितिजाखाली गेलेल्या, न दिसणाऱ्या सूर्यावर. परिसर इतका पाठ असतो.

म्हणून माझी मागणी तास कमी करण्याची नाही, वर्गाबाहेर नेण्याची आहे. नव्या कॅडेटना पहिल्या महिन्यात नकाशा देऊ नये. फक्त फिरवावे, दर रविवारी थोडे लांब, आणि परत येताना त्यांना पुढे चालू द्यावे. मैदानाच्या कोपऱ्यात एक काठी कायमची रोवावी आणि दर शनिवारी दुपारी तिची सावली खडूने आखावी. खर्च काठीचा आणि खडूचा. आमच्या हाऊसची काठी मी आणायला तयार आहे.