टक्केवारीसोबत प्रश्नही छापा



मोबाईल गेम मागे पडले, आता संगणकाचेच दिवस, तेव्हा गावोगावच्या प्रशिक्षणवर्गांनीही तिकडे वळावे, असे हल्ली ज्या आकड्याच्या जोरावर सांगितले जाते, त्याबद्दल हे पत्र. सॅन फ्रान्सिस्कोत भरणाऱ्या ‘गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स’च्या पाहणीत संगणकासाठी गेम बनवणारे २०२४ मध्ये ६६ टक्के होते, २०२५ मध्ये ८० टक्के. आकडा खरा आहे. त्यातून काढलेला अर्थ मला साफ अमान्य आहे.

विचारले होते ते एवढेच, की तुम्ही गेम कोणत्या उपकरणासाठी बनवता. लोक कशावर खेळतात, हे बनवणाऱ्यांच्या उत्तरातून कसे कळणार? शिवाय एकाला अनेक पर्याय निवडता येतात. म्हणून ८० टक्के संगणक, उरलेले २० टक्के मोबाईल, हा हिशेबच चुकीचा. उत्तरे देणारे सुमारे ३,००० जण, त्यांत सर्वाधिक अमेरिकेतले. पाचशे जणांच्या कंपनीतला एक आणि घरी एकट्याने गेम बनवणारा एक, दोघांचे वजन सारखेच.

आपल्या पुण्याचेच बघा. तिथल्या ‘नॉडिंग हेड्स’ कंपनीचा ‘राजी’ हा गेम ऑगस्ट २०२० मध्ये आधी निन्टेन्डो स्विचवर आला, मग संगणक, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. त्याच पुण्यातल्या ‘सुपरगेमिंग’ने ‘इंडस’ ऑक्टोबर २०२४ मध्ये अँड्रॉइड आणि आयफोनवर आणला. पुण्यातले गेमवाले कोणत्या उपकरणासाठी गेम बनवतात, याचे उत्तर तुम्ही कोणाचे दार ठोठावता यावर ठरेल.

आमच्या मोखाडा तालुक्यातल्या खोडाळ्यात आणि आसपासच्या पाड्यांवर पोरांच्या हातात अँड्रॉइड फोन असतो, तोही बहुधा घरात एकच. दिवाळीनंतर घरचे लोक भिवंडी-वसईकडे वीटभट्टीवर जातात तेव्हा फोन त्यांच्यासोबत जातो. टेबलावरचा संगणक जाऊ शकत नाही. इथल्या मुलाला गेम बनवायला शिकवायचे तर संगणक लागेलच, त्याला माझा विरोध नाही. पण त्याने बनवलेला गेम कमी मेमरीच्या फोनवर, रेंज नसताना चालला पाहिजे, नाहीतर त्याच्या पाड्यावर तो कोणी खेळणारच नाही.

माझी मागणी दोन गोष्टींची आहे. अशी पाहणी छापताना प्रश्न काय होता, कोणाला विचारला आणि किती पर्याय निवडायची मुभा होती, हे आकड्याशेजारीच द्यावे. आणि मोखाडा-जव्हारसाठी प्रशिक्षणाचा आराखडा करणाऱ्यांनी आधी इथल्या शाळा-आश्रमशाळांतल्या मुलांना विचारावे : कोणता फोन, कोणाचा, दिवसातून किती वेळ हाती येतो?

– एक वाचक, खोडाळा, ता. मोखाडा, जि. पालघर