जमिनीला भाव कोण आणतो?

इमारती बांधण्यासाठी जमीन घेऊन ठेवावयास हाच काळ अनुकूल आहे, असे सांगवी परिसरातील या धंद्यातली मंडळी सांगत असतात. त्यांचे म्हणणे खोटे नाही. काळ खरोखरच अनुकूल आहे. प्रश्न एवढाच की, तो कोणी अनुकूल केला आणि कोणासाठी?

मुळा आणि पवना या नद्यांच्या बेचक्यातले हे एके काळचे शेतीचे गाव. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना निघाला, १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि हजारो कामगारांच्या श्रमावर ही उद्योगनगरी उभी राहिली. पवना धरणाचे पाणी, रस्ते, पूल आणि मार्च २०२२ मध्ये सुरू झालेली मेट्रो हे सारे सार्वजनिक पैशांतून झाले. पाण्यासाठी तर रक्तही सांडले. ९ ऑगस्ट २०११ रोजी पवनेच्या जलवाहिनीला विरोध करणारे मावळातले तीन शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले. जमीन अडवून बसलेल्याने यांपैकी काय केले? काहीच नाही, आणि भाव मात्र त्याच्या पदरात पडला.

कायद्यानेही त्याचीच वाट मोकळी केली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याने पुणे परिसरात मोकळ्या जमिनीवर एक हजार चौरस मीटरची मर्यादा घातली होती. त्या कायद्यात सूट देण्याच्या पळवाटा होत्या हे खरे. पण पळवाटा बुजवण्याऐवजी महाराष्ट्र शासनाने २००७ साली कायदाच मोडीत काढला. कामगारांना परवडणारी घरे मिळावीत म्हणून १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या. २०२१ साली ते प्राधिकरणही विसर्जित झाले. त्याआधी डिसेंबर २०२० च्या नियमावलीने अधिमूल्य भरून जादा चटईक्षेत्र मिळवण्याचा मार्ग रुंद केला होता. ज्याला 'अनुकूल परिस्थिती' म्हणतात, ती ही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, शेतकऱ्याला चांगला भाव मिळतो. मिळतो, पण एकदाच. पुढची सारी वाढ विकत घेणाऱ्याची, आणि जमीन गेलेल्याचा मुलगा चाकणच्या कारखान्याच्या दाराशी कंत्राटी कामगार म्हणून उभा. दुसरा आक्षेप असा की, विकासकांनी जमिनी घेतल्या तर घरे वाढतील व स्वस्त होतील. परंतु भाव चढेपर्यंत अडवून ठेवलेली जमीन म्हणजे घर नव्हे, आणि चढ्या भावाने घेतलेल्या जमिनीवर स्वस्त घर उभे राहत नाही. म्हणूनच तर कामगाराला गुंठा, अर्धा गुंठा घेऊन नदीच्या काठाशी सरकावे लागले.

त्या काठाची गोष्ट वेगळीच. २०१९ आणि २०२४ च्या पावसाळ्यात सांगवीच्या सखल वस्त्यांत पुराचे पाणी शिरले. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील छत्तीस बंगले हरित न्यायाधिकरणाच्या आदेशानुसार मे २०२५ मध्ये पाडण्यात आले. जमिनीचे तुकडे विकून झाला तो नफा खाजगी. पूर आणि पाडकाम मात्र राहणाऱ्याच्या वाट्याला!

समाजाने निर्माण केलेले मूल्य समाजाकडे परत आले पाहिजे, ही मागणी काही अतिरेकी नव्हे, साधा न्याय आहे. सार्वजनिक कामांमुळे वाढलेल्या किमतीचा मोठा हिस्सा करारूपाने वसूल करावा. पडीक ठेवलेल्या जमिनीवर दरवर्षी चढता कर बसवावा. त्या पैशांतून महापालिकेने जमिनी घेऊन कंत्राटी कामगारांसाठी भाड्याची घरे बांधावीत. पूररेषेच्या आत एकही नवा परवाना देऊ नये. हे झाले की जमीन अडवून ठेवणाऱ्याला काळ प्रतिकूल होईल. तोच कामगाराला अनुकूल असेल.