यॉर्क सुलाने घेतली, बाटलीवर नाव मात्र यॉर्कचंच! चालू धंदा विकत घेण्याबद्दल माझं मत

"सर, नवीन दुकान टाकू की कोणाचं चालू दुकान घेऊ?" हा प्रश्न व्हिडिओखाली इतक्यांदा येतो की आज सविस्तर लिहूनच टाकतो. उदाहरण घेतो रेड वाइनचं. आता तुम्ही म्हणाल, भाऊ, आपण संत्रा-कापसावाले, आपल्याले वाइन कायले पाहिजे? प्यायला सांगत नाही, धंदा पाहायला सांगतो.

नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या पाण्याला लागून गंगावऱ्हे इथे यॉर्क वायनरी आहे. नाव ऐकून वाटते इंग्लंडमधून आलं असेल. तसं नाही. गुरनानी कुटुंबातल्या योगिता, रवी आणि कैलास या तीन भावंडांच्या नावांवरून ते जुळवलेलं आहे. कैलास ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडला वाइन बनवणं शिकून आले. शिराझ आणि कॅबरने सोव्हिन्यों या द्राक्षांची 'अ‍ॅरोस' ही त्यांची मानाची रेड वाइन. २०२१ मध्ये ही वायनरी शेजारच्याच सुलाने विकत घेतली. पुढच्याच वर्षी, डिसेंबर २०२२ मध्ये, सुला शेअर बाजारात आली.

अशा वेळी आपल्याकडे लगेच म्हणतात, मोठ्याने लहान्याले गिळलं. मला हे पटत नाही. सुलाला स्वतःची रेड वाइन बनवता येत नव्हती का? येत होती, कितीतरी वर्षांपासून. मग दुसऱ्याची कशाला घेतली?

याचं उत्तर रेड वाइन बनते कशी त्यात आहे. वेल लावली की पहिली दोन-तीन वर्षं हाती काही विशेष येत नाही. आपल्या संत्र्याच्या झाडाला तर त्याहून जास्त थांबावं लागते, तुम्हाला सांगायला नको. नाशिककडे वेलीची छाटणी वर्षात दोनदा करतात, उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी, पण पीक एकच. रेड वाइनमध्ये रस सालीसकट आंबवतात, रंग सालीतून येतो. मग चांगली रेड असेल तर महिनोन्‌महिने ओकच्या लाकडी पिंपात. तेवढा काळ पैसा अडकलेला. म्हणजे अशी वायनरी घेणारा माणूस खरं तर गेलेली वर्षं विकत घेतो. पाटी बदलायची घाई केली असती तर तीच वर्षं वाया गेली असती. यॉर्क हे नाव ठेवलं, अ‍ॅरोसही ठेवली, हे मला धंद्याच्या नजरेने सगळ्यात शहाणपणाचं वाटते.

आता दुसरी बाजू. विकत घेतलं म्हणजे जिंकलं असं नाही. नारायणगावची शातो इंडाज ही आपल्या राज्यातल्या वाइनची जुनी, मोठी कंपनी. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी सुरू केलेली. तिची 'ओमर खय्याम' फेसाळ वाइन परदेशात जायची. पुढे पार ऑस्ट्रेलियात वायनरी घेतली. २००८ ची मंदी आली, कर्ज डोक्यावर बसलं आणि प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात अवसायनापर्यंत गेलं. उसन्या पैशाने घेतलेला धंदा पहिल्या महिन्यापासून हप्ता मागतो, तो धंदा नवा की जुना हे बँक पाहत नाही.

आता या हिवरखेडच्या बाजारात. माझं मत स्पष्ट आहे: पहिलाच धंदा असेल तर चालू दुकान घ्या. पण मालक गल्ल्यावर बसतो तेव्हाच घ्या, शटर पडून सहा महिने झालेलं नाही. गिऱ्हाईक एकदा दुसऱ्या दुकानाच्या पायरीला लागलं की परत येत नाही. पोरगा पुण्याला नोकरीला, बापाचे गुडघे दुखतात, तरी दुकान विकायचं नाही, कारण "लोक म्हणतील दिवाळं निघालं". आणि पलीकडच्याच गल्लीत एखादा पोरगा कर्ज काढून नवीन फर्निचर करते. दोघांचंही नुकसान. यॉर्कवाल्यांनी धंदा चालू असताना विकला, त्यात लाज कसली?

घेताना सगळ्यात आधी उधारीची वही पाहा. फक्त मार्चचा आकडा नको. आपल्याकडे उधारी कापूस, सोयाबीन घरात आलं की फिटते, म्हणून दिवाळीनंतर किती वसूल झाली ते मागच्या दोन वर्षांचं बघा. जी फिटते ती उधारी म्हणजे गिऱ्हाईक, जी नाही फिटत ती जुन्या मालकाच्याच नावावर राहू द्या, किमतीत धरू नका. जीएसटी नंबर मालकाच्या पॅनवर असतो, तो तुम्हाला मिळत नाही. तुम्हाला नवीन काढावा लागते. शिल्लक क्रेडिट आयटीसी-०२ फॉर्मने तुमच्याकडे येऊ शकते, त्यासाठी करारात देणी-घेणी कोणाकडे जाणार ते लिहा आणि सीएचं प्रमाणपत्र घ्या. दुकान भाड्याचं असेल तर घरमालकाचं लेखी घेतल्याशिवाय बयाणाही देऊ नका.

काउंटरवरचा जुना माणूस सोडू नका. कोणाला कोणती चहापत्ती लागते हे वहीत लिहिलेलं नसते, त्याच्या डोक्यात असते. आणि पाटीवर आपल्या पोराचं नाव टाकायची हौस निदान दोन दिवाळ्या थांबवा.

आयटीसी-०२ कसा भरायचा ते पुढच्या व्हिडिओत स्क्रीनवर दाखवतो. कोणी दुकान घेण्याच्या बोलणीत असेल तर आकडे कमेंटमध्ये टाका, जागेचं भाडं आणि उधारी वेगवेगळी लिहा.